पोटातलं

खुब्याचं हाड जुळत आलंय, म्हणते मी,
पण तुम्हाला हलवायचंय, वासिलो,
एकटीच्या खोलीत. तळं दिसतं तिथून.
दारावर पिवळा कागद लागेल,
आत येणाऱ्याला झगा, हातमोजे.

का? ताप नाही मला, खोकला नाही.

आतड्यात जंतू सापडलेत.
शेवटच्या औषधालाही भीक घालत नाहीत.
तुम्हाला त्रास नाही त्यांचा, नुसते राहतात.

भाडं देतात का, विचारते ती.

सकाळी प्रयोगशाळेत बशी पाहिली होती मी:
औषधाच्या पांढऱ्या टिकल्या
आणि प्रत्येकीच्या अगदी कडेपर्यंत
दाट, करडं, बिनघोर वाढलेलं.
एकीभोवतीही मोकळी जागा नाही.
हे नाही सांगितलं.

भिंतीकडे तोंड करून बोलते ती:
जन्मभर पोटातच ठेवत आले.
भाऊ डोंगरात कुठे लपलाय,
शिपाई दारात उभे होते तेव्हा.
नवऱ्याचं जर्मनीतलं दुसरं घर.
ब्र काढला नाही.
आणि तुम्ही कापसाच्या काडीवर काढून नेता,
दारावर लावता.

खाली बेटाकडे जाणारी होडी भोंगा देते.
आम्ही दोघी ऐकतो.

ती शेजारची लांब्रिनी, म्हणते मग,
तिला नासपती सोलून द्यायचे मी.
याच हातांनी. नऊ दिवस.

लांब्रिनीची काडी सकाळीच गेली आहे.

तिला माझं नाव सांगू नकोस, पोरी.

नाही सांगत.
झग्याची गाठ सोडते, हात धुते,
नळ बंद करते,
पुन्हा सुरू करते.