चौथा स्क्रू

उत्पला मेश्राम अकरा दुपारी
माझ्या दुकानात बसली, इतवारीत,
कूलरचे शिंतोडे चुकवत,
मांडीवर पाट, कानामागे पेन्सिल.
मला वाटलं, काढेल एक घड्याळ:
गोल, दोन काटे, दहा वाजून दहा मिनिटं,
जाहिरातीत असतं तसं.

आज तिनं कागद टेबलावर पसरला.
कोपऱ्यांवर मी तराजूची वजनं ठेवली
आणि सवयीनं भिंग डोळ्याला लावलं.

बाप्पा!
पितळेत हिरवा घातलाय हिनं.
कड वळते तिथं थोडा जांभळाही.
चाळीस वर्षं पितळ घासतोय मी,
त्यात हिरवा असतो, हे कोणी बोललं नव्हतं.
मान वर केली, भिंतीवरच्या खऱ्याकडे पाहिलं.
होता.

तबकडी सायीच्या रंगाची, जुन्या सायीच्या.
रोमन चार उभ्या चार काड्यांचा, जसा आहे तसा.
सातापाशी केसाएवढी चीर.
आणि चावीच्या भोकाभोवती ओरखडे,
अंधारात चाचपडत चावी देणाऱ्या कोणाचे तरी,
एकेक ओरखडा वेगळ्या पेन्सिलीचा.
लंबक तर असा, की मी वाट पाहून राहिलो
आता तिकडून इकडे येईल म्हणून.

मग तो दिसला.
दाराच्या बिजागरीचा चौथा स्क्रू.
तीन पितळी, हा लोखंडी.
अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात मीच बसवला.
खापरखेड्याचे वासनिक दारात उभे, घरी लग्न,
पितळी सापडेना,
म्हटलं, कोण पाहते!
त्यानंतर पाच वेळा हे घड्याळ दुरुस्तीला आलं.
कोणी पाहिलं नाही.
हिनं निळसर राखाडीत काढलाय,
खाचेत गंजाचा ठिपका, मोहरीहून लहान.

खोकलो. म्हणालो,
हा एवढा सोडला असता तरी चाललं असतं.
"काहून काका? तीन दिवस याच्यातच गेले.
बाकीचे तिघं सारखेच आहेत."

ती गेल्यावर खालचा खण उघडला.
तंबाखूच्या जुन्या डबीत पितळी स्क्रू आहे,
नेमका त्याच मापाचा,
बऱ्याच वर्षांपासून आहे.
स्टुलावर चढलो. पेचकस खाचेत बसवला,
अर्धा आटा फिरवलाही.
मग खाली पाहिलं, टेबलावर,
आणि तेवढाच उलटा फिरवून परत कसला.

सोमवारी वासनिकांचा नातू न्यायला येईल.
डबी खणातच राहू दे.
कूलरचं पाणी संपलंय, नुसता पंखा खडखडतोय,
आणि कागदावर
चार वाजायला वीस मिनिटं आहेत.