फळ्यामागून

मी आकडे लावतो.
पत्र्याचे, हाताने, खिळ्यावर अडकवून.
अठ्ठावीस हिवाळे झाले या फळ्यामागे,
एक स्टूल, एक रेडिओ,
शून्यांची चळत सगळ्यात उंच,
आणि नऊचा पत्रा अजून कोरा करकरीत,
कारण तो आमच्या कामाला येत नाही.

समोर मैदान, पलीकडे साखर कारखान्याची चिमणी,
तिच्यापलीकडे कॅरिबियन समुद्र.
पोरांच्या छातीवर शिवलेला पेलिकन.
नोव्हेंबरात हा पेलिकन ओळीने अकरा सामने हरला.

अकराव्या रात्री मालक, दोन रामिरो, म्हणाले,
भाकरी फिरवावीच लागते, नाहीतर करपते.
इथली भाकरी कसाव्याची. माझी बायको रोज थापते.
तिला विचारलं. ती म्हणाली,
जाळ कमी केलात का आधी?

एउलोहियो पेगेरोनं खोलीतली खुर्ची आवरली.
आवरायला काय होतं? एक चष्मा, मुलीचा फोटो,
गुडघ्याला चोळायचं मलम.
सगळं खापर त्याच्यावर फुटलं,
आणि खापराचा आवाज मोठा असतो,
मैदानभर ऐकू जातो.

दुसऱ्या दिवशी नार्सिसो ब्रेतोन आला.
आला तो जिंकतच आला. सातांपैकी पाच.
कोपऱ्यावरच्या दुकानात डॉमिनोच्या सोंगट्या आपटत
म्हातारे म्हणाले, पायगुण बघा!
नवी सून घरात यावी आणि म्हैस व्यावी
तसं बोलत होते सगळे.

मी गप्प बसलो.
माझ्या वहीत होतं की अकरांपैकी सात सामने
आम्ही एकाच रननं गेलो,
म्हणजे माझ्या हातातला एक पत्रा.
वहीत होतं की त्या अकरांत आठ वेळा समोर
राजधानीचे दोन दांडगे संघ होते,
आणि ब्रेतोनच्या वाट्याला आली
आमच्याहून गरीब पोरं.
जेर्लिनचं मोडलेलं बोट
ब्रेतोन उतरला त्याच दिवशी सुटलं पट्टीतून.
वाराही फिरला. आधी कुंपणाशी पडून झेल होणारे चेंडू
आता कुंपण ओलांडू लागले.
कावळा बसला, फांदी मोडली.
कावळ्याला हार घातले.

पण खोटं कशाला बोलू,
पोरं डगआउटमधून पळत बाहेर येऊ लागली होती.
आधी चालत येत, उसाच्या मळीत पाय रुतल्यासारखी.
दार्वी, जो तीन आठवडे कुणाशी बोलला नव्हता,
शिट्टी वाजवताना मी ऐकला.
हे कुठे टांगू?
याला खिळा नाही फळ्यावर.

नाताळच्या आठवड्यात पुन्हा ओळीने चार हरलो.
शेवटी सहांत पाचवे.
गेल्या वर्षी पाचवे. त्याच्या आदल्या वर्षी,
तेव्हाही मॅनेजर बदलला होता, पाचवे.
जो हंगाम एउलोहियोनं पुरा केला असता
तो कुणी खेळलाच नाही.
त्याचे आकडे माझ्याकडे नाहीत.

त्या चारांतल्या तिसऱ्या रात्री
मागचं दार वाजलं. एउलोहियो.
तिकिटाच्या रांगेत उभं राहायला लाजला असावा.
मी त्याला रंगाचा उपडा डबा दिला.
आठव्या इनिंगच्या भोकातून तो बघत बसला,
एक डोळा मिटून, कुलपातून बघावं तसा.

आठवीत आम्ही एक रननं पुढे. दोन गडी बेसवर.
तो पुटपुटला, आता डावखुऱ्याला आण.
समोर ब्रेतोननं डाव्या दंडावर थाप मारली.
डावखुरा आला.
आम्ही दोघेही काही बोललो नाही.

पहिलाच चेंडू. बॅटचा आवाज
तो कोरडा, स्वच्छ आवाज,
ज्यानंतर वर बघायची गरज नसते.
एउलोहियोनं बघितलंही नाही.
चेंडू अजून हवेत होता, लोक अजून उभे राहत होते,
तेवढ्यात त्यानं चळतीतून
तीनचा पत्रा काढला,
बाहीनं पुसला,
आणि माझ्या हातात दिला.