निवळ

रामदासपेठेत, दातांच्या दवाखान्याच्या वर,
आठ खुर्च्यांचं हॉटेल आहे.
पाटी नाही. जिन्याला वास नाही.
मी तिथे वाढतो, हिरामण टिचकुले.
सदरचं कॉफी हाउस बंद पडलं तेव्हा
सव्वीस वर्षांचा टॉवेल खांद्यावरून उतरवला
आणि चोपन्नाव्या वर्षी शब्द पाठ करायला बसलो:
दाशी. कोंबू. ब्यूर ब्लां. कोंसोमे.
धाकटी उजळणी घ्यायची,
‘ब्यूर’ म्हणताना बाबांचे ओठ
चहा फुंकल्यासारखे होतात म्हणून हसायची.

शेफ विशाखा गणवीर कामठीच्या.
लहानपणी विहारात आलेल्या जपानी पाहुण्यांच्या
चपला सरळ लावता लावता
आभाराचा पहिला शब्द शिकल्या.
पुढे क्योतोत चार वर्षं मासे,
लियोंमध्ये तीन वर्षं लोणी.
ओरडत नाहीत कधी.
चुकलं तर चमचा पुसून
परत आपल्यासमोर ठेवतात.
ते जास्त लागतं.

रोज चारला सुलोचना मेश्राम
भंडाऱ्याहून एसटीने येतात,
ओल्या पोत्यात वैनगंगेचे झिंगे,
अजून मिशा हलवणारे.
दोन जास्तीचे टाकतात, पैसे दोनदा मोजतात,
आणि दर वेळी विचारतात,
“वाटीत एकच दिसते. बाकीचे कुठं जाते मंग?”

बाकीचे पाण्यात जातात, बाई.
टरफलं, डोकी, अंड्याचा पांढरा,
शिवाय तो लाकूड झालेला मासा
ज्याला शेफ सुताराच्या रंध्यावर तासतात,
सगळे उकळीच्या अलीकडे थांबतात
आणि आपापला रंग मागे ठेवून निघून जातात.
उरतं ते इतकं स्वच्छ
की वाटीच्या तळाचा तडा दिसतो.

मेमधली एक रात्र. सत्तेचाळीस अंश
अजून भिंतीत मुरलेले.
ऐन चौथ्या वाढपाला लाइट गेली.
आत लोण्याचा सॉस फुटला,
शेफच्या तोंडून एक शब्द आला,
तो शुद्ध कामठीचा होता.
इन्व्हर्टरच्या पिवळ्या उजेडात मी वाट्या मांडल्या.
तिसऱ्या खुर्चीवर इतवारीतले लोखंडवाले,
सुनेने हट्टाने आणलेले, कॉलर भिजलेली.
वाटीत वाकून बघत म्हणाले,
“काहून हो, हे तं पाणी आहे बाप्पा!
याच्यासंगं तर्री नाही येत का?”

माझ्याकडे पाठ केलेली चार वाक्यं होती.
एकही उघडेना.
तोंडातून निघालं,
“निवळ आहे, भाऊ.”

निवळ.
ताप उतरल्यावर पेजेची देतात ना,
भांडं तिरपं करून, शितं हलू न देता,
वरची वरची.

त्यांनी चमचा बाजूला सारला.
वाटी दोन्ही हातांनी उचलली,
जपानात उचलतात तशी,
हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.
चष्म्यावर वाफ धरली. ती पुसलीच नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाले, “मीठ बरोबर आहे.”
आणि मग, कोणालाच नाही,
“टायफॉइड झालता मले. सदुसष्ट साली.”
सून बघत राहिली.
तिला हे माहीत नसावं.

सगळे गेल्यावर शेफनी विचारलं,
तिसऱ्या खुर्चीला काय सांगितलंत?
सांगितलं.
त्या काही बोलल्या नाहीत.
चमचाही पुसून ठेवला नाही.

साडेबाराला स्कूटर काढली.
बसस्टँडजवळ एक पोहेवाला
अजून पातेलं ढवळत होता.
“तर्री जास्त मार,” म्हटलं.
लाल, जळजळीत, तळ न दाखवणारी.
नाक पुसत उभ्याउभ्याच दोन प्लेट खाल्ल्या.
सव्वीस वर्षांची जीभ आहे,
तिची बदली झाली तरी गाव सुटत नाही.

उद्या सुलोचनाबाईंसाठी
एक वाटी मागून ठेवायला हवी.
गार मिळेल,
चालेल.
त्यांची परतीची एसटी पाचला असते.