पंपाची किल्ली

तीन वाजून दहा मिनिटांनी पाठ मला उठवते.
गजर लावावा लागत नाही.
माकडहाडापासून काहीतरी वर चढत येतं
ओल्या सिमेंटसारखं, मणक्यामणक्यात बसत जातं,
पडून राहिले तर सुकेल म्हणून
मी कुशीवर होते, पलंगाची कड धरते,
आधी पाय खाली सोडते, मग उरलेली मी.

एकोणीस वर्षं झाली.
सुरुवातीला विद्याधरही उठायचा,
शेकाची पिशवी भरायचा, चहा टाकायचा.
मग नुसतं "काय गं?" विचारायचा.
आता झोपेतच हात लांब करून
माझ्या जागेची ऊब चाचपतो आणि परत घोरतो.
याचा मला राग येत नाही.
यायचा तेव्हा फार यायचा.

डॉक्टर म्हणाले, झोपेची वही ठेवा.
ठेवली. एका पानावर लिहिलंय:
अकरा ते तीन दहा. मग चाळीस फेऱ्या.
मग पाच ते सहा, बहुतेक.
मागच्या पानावर वाण्याचा हिशोब.

चाललं की सैल होतं, म्हणून चालते.
हॉल ते मोरी, मोरी ते हॉल,
अकरा पावलं, आणि वळायचं सगळ्या अंगानं,
कारण मान एकटी वळत नाही.
खिडकीबाहेर कन्नमवार नगर निजलेलं.
फक्त समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ट्यूबलाइट,
खानविलकरांच्या सुनेचं बाळ.
आम्ही याबद्दल कधी बोललो नव्हतो.
एकदा भाजीवाल्यापाशी ती मेथी निवडता निवडता म्हणाली,
"काल तुम्ही उशिरा उठलात."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रश्न निघाला,
पाणी साडेतीनला येतं, पंप लावणार कोण?
वॉचमन पगार वाढवून मागत होता.
मी म्हटलं, मी नाहीतरी जागीच असते.
त्या "नाहीतरी"वर सगळे जरा गप्प झाले.
मग डिमेलोंनी खिशातून किल्ली काढून दिली,
लाल लोकर बांधलेली.

तेव्हापासून कठडा धरून जिना उतरते.
पंपाच्या खोलीत शेवाळाचा वास, एक ठरलेली पाल,
एक बटण हिरवं, एक लाल.
हिरवं दाबलं की जमिनीखालून घरघर उठते
आणि अठ्ठावीस घरांचं पाणी
माझ्या ताठ पाठीशेजारून वर चढायला लागतं.
भिंतीला टेकून मी ते ऐकते.
तेवढा वेळ दुखणं कामावर असल्यासारखं वाटतं.
फार नाही. चाळीस मिनिटं.

फेब्रुवारीत नवीन इंजेक्शन सुरू झालं.
एप्रिलमधल्या एका बुधवारी
डोळे उघडले तर पडद्यावर ऊन.
पहिला विचार, मी मेले की काय.
दुसरा, पाणी!
जिन्यात बादल्या आपटत होत्या,
वरून कुणीतरी ओरडलं, टाकी खडखडीत आहे,
आणि आमच्याच दाराबाहेर डिमेलोंचा दबका आवाज:
"बेल नका वाजवू. झोपल्यात त्या."
"आत्तापर्यंत?"
"हो ना. झोपू दे. मी टँकरला फोन लावतो."

मी दार उघडलं नाही.
डोक्यावरून चादर ओढून पडून राहिले,
खोटी खोटी झोपलेली, लाजेनं, आनंदानं,
अठ्ठावीस घरांच्या आंघोळी बुडवून.

वहीत लिहिलं: अकरा ते सात वीस.
खाली विद्याधरनं पेन्सिलीनं जोडलं:
घोरत होतीस.

काल पुन्हा तीन दहा.
पुढच्या इंजेक्शनला अजून सहा दिवस आहेत.
किल्ली खिळ्यावर होती तिथेच.
समोर तिसऱ्या मजल्यावर अंधार,
बाळ रात्रभर झोपायला लागलं असावं.
बरं झालं, म्हटलं,
आणि जिना उतरताना
जरा एकटं वाटलं.