हरलेल्यांचं गाणं आधी

हडसनवरून येणारा वारा थेट हाडांत शिरतो.
सामानघरात ऑर्व्हिल टकर हेल्मेटं पुसतो,
आतल्या बाजूला पोरांनी पेननं लिहिलेलं
मात्र राहू देतो:
आईचं नाव, एखादी शिवी.

डिसेंबरात नौदलाशी सामना.
गुण मिळाला की करड्या कोटातली पोरं
बर्फात जोर काढतात, सव्वीस, सत्तावीस...
खेचर कंटाळून शेपटी हलवतं.

शेवटी दोन्ही संघ एकाच बाजूला तोंड करून.
हरलेल्यांचं गाणं आधी.
ऑर्व्हिल टोपी काढतो ती
दुसरंही संपल्यावरच घालतो.

मग धुलाई.
चव्वेचाळीस नंबरच्या जर्सीला
यंदाही ब्रश लावत नाही,
चिखल हातानंच चोळतो.
जूनमध्ये हे पोरगं
कुठल्या वाळूत उतरेल कोण जाणे,
तिथं ऑर्व्हिल नसतो.