उतार

डॉक्टर कुरुंदवाडे मॅडमनी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला,
चष्मा कपाळावर चढवला
आणि म्हणाल्या, 'रेमिशन.'
अब्बांनी माझ्याकडे पाहिलं,
रंध्याखाली अचानक गाठ लागल्यावर लाकडाकडे पाहतात तसं.

'म्हणजे बरा झालो?'
'तसं नाही म्हणता येणार.'
'म्हणजे आहे अजून?'
'तसंही कुठं दिसत नाहीये.'

टेबलावर काचेचा पेपरवेट होता,
त्याच्या पोटात एक बुडबुडा,
वर न जाणारा, न फुटणारा.
मी सगळा वेळ त्याच्याकडे बघत होते.
शेवटी त्याच म्हणाल्या,
'उतार आहे, चाचा. उतार पडलाय.'

बाहेर मिरजेचा तो रस्ता,
दर तिसऱ्या दाराला मेडिकल
आणि मधल्या दोन दारांत रक्त-लघवी तपासणी.
मी रिक्षाला हात करत होते
आणि मनात शब्द खालीवर करत होते.
उतार.
हळदीच्या भावाला येतो तेव्हा
यार्डात कुणी पेढे वाटत नाही.
तोंड उतरतं. वय उतरतं.
पूर उतरला त्या साली सांगलीत फुफूच्या भिंतीवर
छातीएवढ्या उंचीला एक रेघ राहिली.
दर ईदला ती चुना मारते,
दर पावसात रेघ पुन्हा वर येते.
आणि स्टेशनवर उतारू म्हणतात
ते तर अजून गाडीत बसलेल्यालाच.

रिक्षात अम्मीचा फोन.
'काय म्हणाल्या?'
'उतार आहे.'
'मग? परवाच मीठ-मिरच्या उतरवून
चौकात टाकल्या ना मी!'
सहा महिन्यांची केमो, अकरा बाटल्या रक्त,
रात्रपाळीच्या त्या केरळी सिस्टर,
सगळ्यांचं श्रेय मिरच्यांना गेलं.
अब्बा हसले. दात मोठे दिसले,
चेहराच लहान झालाय म्हणून.

घरी न जाता रिक्षा त्यांनी गल्लीत वळवायला लावली.
कारखान्यात लाखेचा, स्पिरिटचा वास,
छताला टांगलेले भोपळे,
आणि मुबारक एक तंबोरा गवतात बसवत होता,
धारवाडचं पार्सल.
'थांब,' अब्बा म्हणाले.
सहा महिन्यांत पहिल्यांदा खुंटीला हात.
नखं अजून काळी, दोन तर नाहीतच.
अर्धा फेर मागं. परत अर्धा.
जोडीच्या तारा, मग खर्ज,
आवाज सैल होत होत
नुसता तारेचा धातू उरला.

'ताणून पाठवलं,' ते मला म्हणाले, मुबारकला नाही,
'तर वाटेत भोपळा तडकतो.
म्हणून उतरवून पाठवायचं.
मुका दिसतो. पण बिघडलेला नसतो.'
'आणि पोचल्यावर?'
'पोचल्यावर लावणारा लावतो.'

लावणारा कोण, हे मी विचारलं नाही.
त्यांनी घोडीवर बोट फिरवलं,
जवारीचा धागा काढून कागदात गुंडाळला,
कागद भोपळ्याशी बांधला,
एवढं झाल्यावर मात्र
पाणी मागितलं आणि पाटावर बसून राहिले
श्वास जागेवर येईपर्यंत. बराच वेळ.

रात्री कॅलेंडरवर मी तीन महिने मोजले,
एका बुधवारभोवती गोल केला,
चौकोनात लिहिलं: रक्त.
त्यांनी पेन मागून घेतलं.
हात थरथरत होता, अक्षर वाकडं उतरलं,
पण वाचता येतं:
'धारवाडला फोन करणे.
तारा चढवल्या का विचारणे.'