या हाताचं त्या हाताला

उशांगी, तुझ्या फॉर्मवर विचारलंय
दिवसातून किती तास हात वापरता.
आठ लिहिलेत मी.
(अक्षर सांभाळून घे, डाव्या हाताचं आहे.)
खरं तर सहा. उन्हाळ्यात चारही नाहीत,
कोपराखाली घाम साचला की
बोटं आपसूक उघडतात,
आणि मग चाव्या, चहाचा कप,
एकदा तर शेजारच्या मझियाची अंडी,
सहाच्या सहा.

तिबिलिसीहून आणलास तेव्हा
पेटीत चार्जर होता, आणि कातडीच्या रंगाचा हातमोजा.
कुणाच्या कातडीच्या, देव जाणे.
त्याला नखंसुद्धा होती,
माझी कधीच नव्हती इतकी स्वच्छ.
नवरा म्हणाला, हा शहरातला हात,
याला गवताला लावू नकोस.
म्हणून भारे बांधायला जुना आकडाच,
खांद्याच्या पट्ट्याने ओढून मिटायचा.
करकरतो मेला, पण धरलेलं सोडत नाही.

पुढे: वेदना, एक ते दहा.
कुठली रे?
लाकडाच्या गिरणीत बोटं गेली
ती अंगठीसकट गेली.
जूनमध्ये बोटं सुजली की ती रुतायची,
अजून रुतते.
रात्री उठून साबण लावायला जाते मी
आणि नळ सोडून उभी राहते
काय धुवायचं ते न कळून.
याला किती देऊ?

या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात.
मला ते पुण्य फुकटात मिळालंय:
मक्याची भाकरी गरम की गार,
नातवाचा गाल ओला की कोरडा,
त्याला कळत नाही. मी बघून सांगते त्याला.

थोरल्याच्या लग्नात शुभेच्छा द्यायला उठले
आणि बॅटरी संपली.
ग्लासाभोवती मूठ मिटली ती मिटलीच.
आमच्याकडे ग्लास खाली येत नाही
तोवर बोलणाऱ्याचं संपलं नाही असं धरतात.
सगळे थांबले.
मग बोलले मी. सुनेसाठी, गेलेल्या सासूसाठी,
नदीपलीकडच्यांसाठी, ज्यांच्याशी आम्ही बोलत नाही,
शेवटी गिरणीच्या मालकासाठीसुद्धा.
इतकं मी आयुष्यात बोलले नव्हते.

आता जे सांगते त्याला फॉर्मवर जागा नाही.
चेस्टनट फुलला होता, पेट्या उघडायच्या होत्या,
आकडा दुरुस्तीला गेलेला.
शहरातल्या हाताने चौकट उचलली.
मोटर घरघरली, माश्या चिडल्या,
आणि डाव्याला सोडून
सगळ्या त्याच्यावर तुटून पडल्या.
सात मेल्या.
रबरात सात काटे,
नांगी मारली की माशी उरत नाही, तुला माहीत असेल.
खोट्या वस्तूसाठी कोण जीव देतं?
मी मात्र तोवर त्याला 'तो' म्हणायचे,
'माझा' नाही.

हातमोजा बदलून देतोस म्हणालास. दे.
हा मात्र फेकू नकोस,
अंगठ्याच्या मुळाशी एक काटा अजून आहे.
आणि मनगटाचा स्क्रू ढिला झालाय,
तो आधी बघ.